वरची मोकळी ओळ

रेडमंड, ११ ऑक्टोबर १९८७

ताई,

वरची ओळ चुकून मोकळी राहिलेली नाही. तिथे आपण काय लिहितो ते तुला माहीत आहे आणि मी का लिहीत नाही तेही. माझं प्रसन्नशी लग्न झाल्यावर पुण्यात सासरी, आपट्यांकडे सत्यनारायण झाला, तू न जेवता निघालीस, आणि रिक्षात बसता बसता म्हणालीस, "कांचन, यापुढे मला पत्र लिहिलंस तर वर जयभीम घालू नकोस. तुझ्या घरात तुला ते मोठ्याने म्हणता येत नाही, मग माझ्याकडे पाकिटात घालून पाठवू नकोस." सहा वर्षं झाली, शब्द अजून पाठ आहेत. तू शाळेत बाई, पाठांतराची सवय तूच लावलीस.

तेव्हापासून मी वर्षाला दोन पत्रं पाठवते आणि तू एकाचंही उत्तर देत नाहीस. मे महिन्यात आई गेली, तेव्हाही तार मामाच्या गिरीशने केली. मला येता आलं नाही. इथे अमेरिकेत राहायचे कागद मंजूर व्हायचे होते, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. हे तुला गिरीशने सांगितलं असेल. तू कपाळाला आठ्या घालून ऐकलं असशील.

आज हे पत्र का, ते सांगते. इथल्या मराठी मंडळाची काल सहल होती. तासाभरावर खोऱ्यात एक लहान गाव आहे, तिथे गावाने केलेली जपानी बाग आहे. तळं, लाकडी पूल, लाल झालेली मेपलची झाडं. इथे पानं लाल झाली की लोक गाड्या काढून बघायला जातात, आपल्याकडे लोक धरण भरलं की जातात तसे. विनीतावहिनी आमच्या मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांचे यजमान श्रीरंगदादा हृदयाचे डॉक्टर. वहिनींनी सगळ्या बायकांना रेशमी साड्या नेसायला लावल्या, फोटो काढायचे म्हणून.

बागेच्या मागच्या अंगाला दगडी पायऱ्या आहेत. चढून गेलं की वर काही नाही, नुसतं गवत. वहिनी म्हणाल्या, "सगळ्या इथे स्टेप्सवर उभ्या राहा गं, बॅकग्राउंड छान येतंय." पायऱ्यांशेजारी लहान लाकडी पाटी होती. बाकीच्या पदर सारखे करत होत्या तोवर मी ती वाचली. या जागी १९४२ पर्यंत बौद्ध मंदिर होतं, असं लिहिलेलं होतं.

ताई, मी काय केलं असेल? बूट काढले. मोजेही काढले. विचार केला नाही, हात आपोआप गेले, नागपुरात इंदोऱ्याच्या विहाराच्या दारात जायचे तसे. ऑक्टोबरातला थंडगार ओला दगड, आणि मी कांजीवरम नेसून अनवाणी.

"अगं, देऊळ कुठाय इथे? बूट कशाला काढलेस?" वहिनी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. "बूट चावतोय," म्हटलं. प्रसन्न कॅमेरा घेऊन समोर उभा होता. त्याला कळलं. त्याने फोटो काढला.

बाकावर एक म्हातारी जपानी बाई प्लॅस्टिकची टोपी घालून बसली होती. ती तेवढी हसली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिली.

घरी आल्यावर वीणाला झोपवलं आणि मला रडू आलं. वीणा आता पाच वर्षांची होईल. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. आईला तिने फोटोतच पाहिलंय.

बुधवारी चौदा ऑक्टोबर. दीक्षेच्या दिवशी मी आईच्या कडेवर होते आणि तू तिचा पदर धरून चालत होतीस, हे आईने इतक्यांदा सांगितलं की मला ते आठवतंय असंच वाटतं. तुला तर खरंच आठवत असेल.

तुझी,
कांचन


रेडमंड, ६ डिसेंबर १९८७

ताई,

आज नागपुरात तू कुठे असशील ते मला घड्याळाशिवाय सांगता येतं. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, मागे शाळेच्या पोरींची रांग, आणि ज्या पोरीची रांग वाकडी तिचं काही खरं नाही.

मी इथे आज दोन बस बदलून त्या बागेत गेले. प्रसन्नला म्हटलं, मला गाडी नको, मी एकटी जाते. तो म्हणाला, "पाऊस आहे यार, कशाला?" इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊसच असतो, आपल्यासारखा धो धो नाही, दिवसभर नुसता गळतो. तसं पाहिलं तर कुठेच जायला नको.

आधी मी पूर्ण बाग फिरले, पिंपळ शोधत. हसू नकोस. बौद्ध मंदिराची जागा म्हणजे पिंपळ असणारच, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. या थंडीत पिंपळ जगेल कसा, हा विचार एम.एस्सी. झालेल्या बाईच्या डोक्यात आला नाही. एक उघडं बोडकं झाड होतं, त्याखाली पिवळ्या पानांचा खच पडला होता. तेच बरं म्हटलं.

पायऱ्यांशी बूट काढले. पिशवीतली मेणबत्ती काढली, ती पेटेना. काडेपेटीही ओली झाली होती. मागून आवाज आला, "इथे मेणबत्ती लावायला परवानगी नाही. पण आज बघायला कोणी नाही."

तीच म्हातारी. तिच्याकडे लायटर होता. आपली छत्री माझ्या मेणबत्तीवर धरून ती स्वतः भिजत उभी राहिली. मेणबत्ती लागल्यावर म्हणाली, "माझ्या आईनंतर या पायऱ्यांवर बूट काढलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन बहिणीला फोन केला."

तिचं नाव फुमी ओगावा. इथेच जन्मली, इंग्रजी माझ्यापेक्षा सरस. लहानपणी दर रविवारी या मंदिरात यायची. युद्ध सुरू झालं आणि सरकारने इथल्या सगळ्या जपानी माणसांना उचलून छावण्यांत नेऊन ठेवलं. तिच्या आईने निघताना मंदिराची पायरी पुसली आणि मग ट्रकमध्ये चढली. तीन वर्षांनी परत आले तर मंदिर जळालेलं होतं. कोणी जाळलं, कसं जळलं, कोणी सांगितलं नाही. थोडीच कुटुंबं परतली होती. त्यांनी पुढे शहरात नवं मंदिर बांधलं. जुनी जागा गावाच्या ताब्यात गेली आणि गावाने बाग केली. "छान बाग आहे," ती म्हणाली. "लग्नाचे फोटो काढायला लोक लांबून येतात."

मग तिने विचारलं, मेणबत्ती कशासाठी? मी सांगायला लागले. आमच्याकडे एक माणूस होऊन गेला, त्याने आम्हाला माणसात आणलं, आज त्याचा दिवस. कोणी आमच्या सावलीला उभं राहत नसे, मग एके दिवशी लाखो लोक पांढरे कपडे घालून एका मैदानावर आले आणि बौद्ध झाले, त्यात मी तीन वर्षांची. ताई, लग्नाला सहा वर्षं झाली, या देशात पाच. हे मी पहिल्यांदाच कोणालातरी सांगत होते, तेही एका अनोळखी बाईला, पावसात.

ती ऐकून घेत होती. मध्ये एकही प्रश्न नाही. मग मी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या शब्दाला शेजारून दुसरा आवाज मिळाला.

मी थांबलेच. तिचे उच्चार वेगळे, चाल तर अगदीच वेगळी, पण तेच शब्द. मला वाटलं होतं हे आपल्या इंदोऱ्यातच म्हणतात. ती म्हणाली, "आम्ही दर रविवारी म्हणतो. पालीत आहे ना ते? आम्हाला लहानपणी शिकवलं. तुम्हाला कसं येतं?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात सापडावी तशा.

तिने थर्मासमधला चहा दिला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, तुला आवडला नसता. मी दोन कप प्यायले.

बसमध्ये ठरवलं. मे महिन्यात आईला वर्ष होईल. तिचं पुण्यानुमोदन मी याच पायऱ्यांवर करणार, आणि लपूनछपून नाही, मंडळाच्या लोकांना बोलावून. आईने आयुष्यभर विड्या वळल्या, तंबाखूचा वास हातातून जायचा नाही म्हणून लोकांकडे हात पदराखाली धरून बसायची. ती गेल्यावर तरी मी तिला पदराखाली ठेवणार नाही.

कांचन


रेडमंड, २० मार्च १९८८

ताई,

गिरीशचं पत्र आलं. तो लिहितो की माझी पत्रं तू वाचतेस, आणि वाचून कपाटात ठेवतेस. बरं झालं, निदान पोस्टमन खोटा नाही.

तुला सांगण्यासारखं घडलं आहे. जानेवारीत विनीतावहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वीसेक बायका, गालिच्यावर कुंकू सांडू नये म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरलेलं. मला तिळगूळ देताना वहिनी मायेनेच म्हणाल्या, "कांचन, तुझ्या आईचं वर्षश्राद्ध मेमध्ये ना? गुरुजी मिळत नाहीत म्हणून अडून बसू नकोस. माझ्याकडे मंत्रांची कॅसेट आहे. प्ले करायची, ते सांगतील तेव्हा पॉज करून पाणी सोडायचं. आमच्या सासऱ्यांचं मी तसंच केलं."

मी म्हटलं, "वहिनी, आमच्यात श्राद्ध नसतं. पुण्यानुमोदन असतं. आम्ही बौद्ध."

"अय्या, हो? मेडिटेशन वगैरे करतेस तू? श्रीरंगच्या हॉस्पिटलमध्ये एक अमेरिकन नर्स आहे, तीही बुद्धिस्ट झालीय. शी इज सो काम."

आता बघ, इथे मला सुटायला दार उघडं होतं. मान डोलावली असती तर मीही त्या नर्ससारखी शांत वगैरे ठरले असते. मी म्हटलं, "तसं नाही वहिनी. आम्ही नागपूरचे. माझं माहेरचं नाव गजभिये."

मग एकीने विचारलं, चहा ठेवायचा का, आणि सगळ्या एकदम चहाबद्दल बोलायला लागल्या. निघताना वहिनींनी माझा हात धरला. "अगं, आधी सांगायचंस ना. आमच्याकडे कोणी असलं काही मानत नाही." असलं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

गेल्या शनिवारी मंडळाचा पॉटलक होता. प्रत्येकीने एक पदार्थ न्यायचा. मी वडाभात नेला, तुझ्या पद्धतीने, वरून हिंगाची फोडणी. दिवाळीला याच वडाभातासाठी रांग लागली होती, वहिनींनी रेसिपी लिहून घेतली होती. या वेळी ट्रे झाकण काढून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि तसाच परत आणला. त्या दिवशी मंडळात सगळ्यांनी एकदम डाएट धरलं होतं.

गाडीत प्रसन्न म्हणाला, "योगायोग असेल यार. पदार्थच खूप होते."

मी म्हटलं, "असेल."

मग सोमवार, मंगळवार, बुधवार तो तिन्ही वेळा वडाभातच खात होता, संपेपर्यंत. ताई, तो वाईट माणूस नाही. तो घाबरट आहे. लग्नाआधी त्याच्या आई म्हणाल्या होत्या, मुलगी चांगली आहे, पण चारचौघांत सांगत बसायची गरज नाही. त्याने ते ऐकलं, आणि मीही ऐकलं. आम्हा दोघांनाही वाटलं की समुद्र ओलांडला की ते आपोआप मागे राहील. ते आमच्याआधी इथे येऊन बसलं होतं.

संक्रांतीनंतर मंडळातल्यांचे फोन कमी झाले. कोणी तोडून बोलत नाही. आता तर फोनच येत नाही. वीणाची मैत्रीण उत्तरा दर शुक्रवारी खेळायला यायची, तिच्या आता पियानोच्या क्लासची वेळ बदलली आहे. वीणा विचारते, "डिड आय डू समथिंग?" मी नाही म्हणते. पुढे काय सांगावं ते सुचत नाही.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, तेवढं लिही. एक ओळ पुरे. रागावलीस तरी चालेल.

कांचन


रेडमंड, २२ मे १९८८

जयभीम ताई,

वरची ओळ तुझ्या नजरेस आधी पडेल आणि तू कागद खाली ठेवशील. ठेवू नकोस. आधी पुढचं वाच, मग ठरव की मला ते लिहिण्याचा हक्क आहे की नाही.

आज आईचं पुण्यानुमोदन केलं. आत्ताच घरी आलो, अजून साडीचा काठ गवताने ओलाच आहे.

मी मंडळातल्या प्रत्येक घरी फोन करून बोलावलं होतं. कोणाकडे पाहुणे होते, कोणाची सॉकरची मॅच होती. विनीतावहिनी म्हणाल्या, "वी विल ट्राय." या देशात त्याचा अर्थ नाही असा होतो, हे मला एव्हाना कळतं. तरी मी सगळ्यांना पुरेल एवढी खीर केली. वेडी आशा म्हणतात ती ही. सकाळी दारात फुलांचा मोठा गुच्छ आला, दुकानातून, वहिनींच्या नावाचं छापील कार्ड लावून. महाग फुलं होती. मी ती बरोबर नेली, आईला काय, फुलं ती फुलं.

मी तूच दिलेली पांढरी साडी नेसले, बी.एस्सी. झाले तेव्हाची. प्रसन्नकडे पांढरे म्हणजे ऑफिसचे शर्ट, त्यातला एक त्याने घातला. तो बागेपर्यंत गाडी चालवत आला आणि पार्किंगमध्ये इंजिन बंद करून बसून राहिला. मी म्हटलं, "तू थांब इथे, हरकत नाही." खीर, फोटो, फुलं आणि वीणा असं सगळं घेऊन मी चालायला लागले. वाटेत त्याची पावलं ऐकू आली. त्याने माझ्या हातातलं खिरीचं पातेलं घेतलं.

पायऱ्यांशी मिसेस ओगावा उभी होती, तिची बहीण आणि आणखी एक म्हातारी मैत्रीण घेऊन. तिघी स्टॉकिंग्ज काढून अनवाणी, सत्तरीच्या पुढच्या. मला सांगितलंही नव्हतं. मी आईचा फोटो सर्वांत वरच्या पायरीवर ठेवला, जिथे पूर्वी दार असेल. तोच फोटो, हात पदराखाली असलेला. प्रसन्नने बूट काढले. मोजा फाटका होता, अंगठा बाहेर आलेला. तो तसाच उभा राहिला.

आधी त्रिशरण, मग मी पंचशील म्हटलं. त्या तिघी त्रिशरणात त्यांच्या चालीत, मी आपल्या. मेळ बसला नाही, पण कोणी थांबलंही नाही. प्रसन्नला येत नव्हतं, त्याने हात जोडून ठेवले. काही माणसं कुत्री घेऊन चालली होती, ती थांबली आणि पुढे गेली. लग्नाचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. त्यांना या पायऱ्या हव्या होत्या. नवरी झगा वर धरून आमचं संपेपर्यंत झाडाखाली उभी राहिली.

मग मी आईबद्दल बोलले. मराठीत बोलले, कारण आई मराठीत होती. विड्यांच्या पैशांवर तिने तुला बाई केलं आणि मला इथवर पाठवलं, हे सांगितलं. तिचे हात कसे होते ते सांगितलं. त्या तीन म्हाताऱ्यांना एक अक्षर कळलं नसेल. मिसेस ओगावाने डोळे पुसले. तिला कदाचित आपली आई पायरी पुसताना दिसली असेल.

आणि शेवटी, ताई, मी जयभीम म्हटलं. मोठ्याने म्हटलं. तू वर्गात म्हणायला लावतेस तसं, पोटातून. तळ्यावरची बदकं उडाली.

आणि मग काहीच झालं नाही.

हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. नागपुरात आपण म्हणतो आणि समोरून उत्तर येतं, गल्लीतून येतं, सायकलवरून जाणारा माणूस मान वळवून देतो. इथे मी म्हटलं आणि ते गवतावर पडून राहिलं. त्या तिघी कमरेत वाकल्या, फार प्रेमाने वाकल्या, पण त्यांना माहीत नव्हतं. प्रसन्नने ओठ उघडले. त्याला माहीत होतं. त्याच्या गळ्यातून आवाज निघाला नाही, तो आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. मी त्याच्यावर चिडले नाही. आज तो गाडीतून उतरला, माझ्या हिशेबी तेवढं पुष्कळ आहे. पण त्या क्षणी मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं आईची तार आली तेव्हाही वाटलं नव्हतं.

वीणाने माझा पदर ओढला. "मम्मी, हू आर यू सेइंग इट टू?"

मी तुझं नाव सांगितलं, "पद्मिनीमावशीला."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "बट शी कान्ट हिअर यू."

मग आम्ही खीर खाल्ली. मिसेस ओगावाच्या बहिणीने दोनदा घेतली आणि रेसिपी मागितली. नवरा-नवरीलाही दिली, ती नवरी झग्यावर सांडू नये म्हणून पुढे वाकून खात होती. तरीही अर्ध्याच्या वर उरली. पातेलं आता फ्रीजमध्ये आहे, आठवडाभर पुरेल.

तू म्हणाली होतीस, मोठ्याने म्हणता येत नाही तर पाठवू नकोस. म्हटलं. उघड्यावर म्हटलं, नवऱ्यासमोर, मुलीसमोर, परक्या देशात. म्हणून आज वरची ओळ मोकळी नाही. आता मंडळाचे फोन आले काय आणि न आले काय, त्याचं मला फारसं वाटत नाही. खोटं कशाला सांगू, वाटतं. पण त्यासाठी मी हे परत गिळणार नाही.

एक मात्र मला आज कळलं. तू मला जी अट घातली होतीस, ती अर्धीच होती. जयभीम एकटीने म्हणून पुरं होत नाही, समोरच्याने द्यावं लागतं. माझ्याकडून झालं तेवढं मी केलं. उरलेलं माझ्या हातात नाही.

पत्र पोचायला दोन आठवडे, यायला दोन आठवडे. दुसरं काही लिहू नकोस. वर ती एक ओळ लिही आणि खालचा सगळा कागद मोकळा सोड. मी वीणाला मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझी,
कांचन गजभिये